साइडपट्टी

उसाचा हंगाम ऐन भरात आहे. बेंबळीच्या स्टँडजवळ दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर उभा आहे आणि समोरून धाराशिवची एसटी आली आहे. मोळ्यांचे शेंडे ट्रेलरच्या दोन्ही अंगांनी हात-हातभर बाहेर आलेत. मागं टमटम, दुधाच्या किटल्या अडकवलेल्या मोटारसायकली, सोयाबीनच्या पोत्यांचा पिकअप. सगळ्यांचे हॉर्न एकदम वाजताहेत, पुढं कुणीच सरकत नाही.

शाळा सुटलीय. पोरं डांबरावरूनच चालताहेत. त्यांना दुसरीकडं जायला वाटच नाही. साइडपट्टीवर दुचाक्या आडव्या लावल्यात, त्यांच्यापुढं केळीचा गाडा. जिथं मोकळं दिसतं तिथला मुरूम वाहून गेलाय आणि डांबराची कड वीतभर उंच राहिलीय. एक आजी त्या कडेवर पाऊल टेकवते, ट्रेलरच्या चाकाकडं बघते, पाऊल मागं घेते. एक शाळकरी मुलगी तिचा हात धरते. "थांबा आज्जी, मी सांगते तवा चला."

दुपदरी रस्त्याचं डांबर नियमानं सात मीटर. बस अडीच मीटरची, उसाचा ट्रेलर मोळ्यांसकट त्याहून रुंद. ही दोन समोरासमोर आली की माणसाच्या वाट्याला काय उरतं? चालणाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळी वाट ठेवावी, असं भारतीय रोड काँग्रेसचं मार्गदर्शन आहे. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी. आज्जी अजून मुलीचा हात धरून ताटकळत उभी आहे आणि मला त्या आकड्याची भीती वाटते.

चहाचा टपरीवाला बाहेर येतो. "कुणाच्या हायत ह्या गाड्या? कडंला घ्या की ओ!" कुणी पुढं येत नाही, तेव्हा तो आणि दोन तरुण मिळून दुचाक्या उचलून भिंतीलगत सरळ लावतात. केळीवाला गाडा मागं ओढतो. कंडक्टर खाली उतरून हातानं खुणावतो, एसटी डावीकडं सरकते. ट्रॅक्टर हलतो. पहिला ट्रेलर जातो, मग दुसरा; त्याच्या मागचा रिफ्लेक्टर चिखलानं पार झाकलेला, आणि अंधार पडायला फार वेळ नाही.

इतके हॉर्न वाजून जे झालं नाही, ते चार दुचाक्या हलल्यावर होतं. मोकळ्या झालेल्या पट्टीवरून पोरं रांगेनं चालू लागतात आणि डांबरावरची वाहनंही वाहती होतात. चालणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला हवी असलेली जागा एकच आहे, हे इथं उघड दिसतं आहे.

एक दुचाकी लगेच परत आडवी लागू बघते. टपरीवाला तिला हटकतो आणि गटारापासून पावलं टाकत जागा मोजतो. "इथनं तिथवर चुन्याचा पट्टा मारू. दोन पावलं बास."

"दोन कशी?" पलीकडं पोचलेली आज्जी ओरडते. "डोक्यावर भारा असला म्हंजे? तीन तरी ठेव!"

तो आणखी एक पाऊल टाकतो आणि टाचेनं मातीत रेघ ओढतो.