‘सेक्सी बीस्ट’ : गांधी साकारणाऱ्या नटाचं दुसरं टोक

मुंबईतली नोकरी संपवून समुद्राकाठी घरी परतलेले चाकरमानी आपल्या वेळणेश्वरला नवे नाहीत. जोनाथन ग्लेझरच्या पहिल्याच चित्रपटाचा, ‘सेक्सी बीस्ट’चा (२०००) नायक गॅल असाच किनाऱ्यावर स्थिरावलाय, पण लंडनची गुन्हेगारी सोडून, स्पेनमध्ये. रे विन्स्टनने त्याचा थकलेला चांगुलपणा सुरेख दाखवलाय. तिथे डॉन लोगन येऊन थडकतो: दरोड्यासाठी परत चल! गॅल ‘नाही’ म्हणतो आणि डॉन ते ऐकूनच घेत नाही. खरा थरार इथेच आहे. दरोडा मला दुय्यम वाटतो.

हा डॉन म्हणजे बेन किंग्जली! ज्या ‘गांधी’त (१९८२) आपल्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा होत्या आणि ज्याच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैयांना ऑस्कर मिळालं, त्यातले गांधी हेच. इथे तोंडात शिव्या, डोळ्यांत जरब. समीक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकनही मिळालं. पुरस्कार मात्र ‘आयरिस’साठी जिम ब्रॉडबेंटना गेला. २०२४मध्ये ‘सेक्सी बीस्ट’ची पूर्वकथा सांगणारी मालिकाही आली.

शिवीगाळ भरपूर आहे, त्यामुळे मुलांना घेऊन बसू नका. पण ‘गांधी’ पाहिला असेल तर हाही नक्की पाहा.