खेकड्यांची शर्यत आणि खलाशांचे प्राण

अलास्काच्या पश्चिमेला बेरिंग समुद्र आहे. हिवाळ्यात तेथे उडालेले तुषार जहाजावर पडताच गोठतात. याच समुद्रात 'किंग क्रॅब' म्हणजे राजखेकडे आणि 'स्नो क्रॅब' म्हणजे हिमखेकडे पकडले जातात. १९९० ते १९९९ या दहा वर्षांत या मासेमारीत ७३ माणसे मृत्युमुखी पडली. दोष केवळ वादळांचा होता काय? आधी एक सोपा प्रयोग करून पाहा.

झाकणाच्या उभट डब्यात थोडी वाळू घाला आणि तो बादलीतील पाण्यावर तरंगू द्या. बोटाने कलता केला तरी तो पुन्हा सरळ होतो. आता तीच वाळू पुडीत बांधून झाकणावर ठेवा. जरा धक्का लागताच डबा उलटेल. वजन तेच, म्हणून प्लावक बलही तेवढेच. बदलला तो फक्त गुरुत्वमध्य. गुरुत्वमध्य खाली असेल तर वजन आणि प्लावक बल यांचे बलयुग्म कललेल्या डब्याला सरळ करते. तो फार वर गेला की तेच बलयुग्म डब्याला उलटवते.

खेकडे पकडण्याचा लोखंडी पिंजरा ३०० किलोग्रॅमहून जड असतो. असे शेकडो पिंजरे डेकवर एकावर एक रचतात. त्यांवर बर्फ साचला की गुरुत्वमध्य आणखी वर सरकतो.

मग इतके पिंजरे न्यायचेच कशाला? कारण तेव्हाचा नियम. सर्व जहाजांनी मिळून किती खेकडे पकडायचे, एवढेच ठरलेले असे. तो आकडा भरला की हंगाम बंद! राजखेकड्यांचा हंगाम कधीकधी चार-पाच दिवसांतच संपे. वादळ आले तरी कोणी थांबत नसे. खलाशांना झोपही मिळत नसे. पिंजरे घाईने वर ओढल्यामुळे लहान खेकड्यांना जाळीतून निसटायला वेळ मिळत नसे.

१९९९ पासून अमेरिकेचे तटरक्षक दल जहाजे निघण्यापूर्वी धक्क्यावरच पिंजऱ्यांची संख्या तपासू लागले. २००५ मध्ये प्रत्येकाचा वाटा आधीच ठरवून देण्यात आला. शर्यत संपली, हंगाम कित्येक महिन्यांचा झाला आणि त्यानंतर अपघाती मृत्यू अगदी थोडे झाले. खेकड्यांसाठीही नियम आहेत. फक्त नर पकडायचे; ब्रिस्टल उपसागरातील तांबड्या राजखेकड्याचे कवच किमान १६.५ सेंटिमीटर रुंद हवे. पिंजऱ्याच्या जाळीचा एक भाग सुती दोऱ्याने शिवतात. पिंजरा समुद्रात हरवला तर दोरा कुजतो आणि अडकलेले खेकडे सुटतात.

या सुधारणेची किंमतही मोजावी लागली. वाटे मुख्यतः जहाजमालकांना मिळाले. कप्तानांसाठी अवघे ३ टक्के होते. जहाजांची संख्या निम्म्याहून कमी झाली आणि शेकडो खलाशांची कामे गेली.

धोकाही पुरता टळला नव्हता. फेब्रुवारी २०१७ मध्ये 'डेस्टिनेशन' हे जहाज सहा जणांसह बुडाले. जहाजाच्या स्थैर्याच्या हिशेबात एका पिंजऱ्याचे वजन सुमारे ३१८ किलोग्रॅम धरले होते. प्रत्यक्षात ते सुमारे ३८० किलोग्रॅम होते, असे तपासात दिसले. जहाजावर सुमारे २०० पिंजरे होते. गुणाकार करून पाहा: हिशेबात नसलेले जवळजवळ १२ टन वजन डेकवर होते! त्यात बर्फाची भर पडली.

खेकड्यांवरचे संकट तर वेगळ्याच दिशेने आले. २०१८-१९ मध्ये बेरिंग समुद्राचे पाणी फार तापले. पाणी तापले की खेकड्याच्या शरीराला जास्त अन्न लागते. ते न मिळाल्याने १००० कोटींहून अधिक हिमखेकडे नाहीसे झाले. २०२२ मध्ये त्यांची मासेमारी प्रथमच बंद ठेवावी लागली आणि ती २०२४ मध्ये लहान वाट्यांनिशी पुन्हा सुरू झाली. दर उन्हाळ्यात शास्त्रज्ञ जाळे टाकून खेकड्यांची पाहणी करतात. त्यावरून त्या वर्षीचा आकडा ठरतो आणि मगच खलाशी पिंजरे चढवू लागतात.