विहिरीत निघालेला चक्राचा दगड कोणता?

देवघरातल्या शाळिग्रामावर नैसर्गिक चक्र असेल, तर तो अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म होय. नेपाळात मुक्तिनाथच्या खाली काली गंडकी नदीत हे दगड मिळतात. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे समुद्र होता.

आपल्याकडे विहीर खोदताना असा वेटोळ्याचा दगड निघाला की 'देव निघाला' म्हणून त्याला शेंदूर लागतो, नाहीतर घणाखाली त्याचे तुकडे होतात. दोन्हीकडून माहिती बुडते. म्हणून शेतकरी बंधूंनी पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात.

ओळखायचे कसे?

१) अमोनाइटचे वेटोळे बहुधा चकलीसारखे सपाट असते. गोगलगायीचा शंख सहसा टोकाकडे वर चढत जातो.
२) बऱ्याच अमोनाइटवर मेंढ्याच्या शिंगासारख्या आडव्या धारा असतात.
३) पक्की खूण म्हणजे नागमोडी, पानाच्या नक्षीसारख्या रेघा. आतल्या कप्प्यांचे पडदे कवचाला जिथे चिकटतात तिथे त्या उमटतात. वरची साल झिजली की दिसतात. शंखात त्या नसतात.

तमिळनाडूत अरियालूरकडे बॅक्युलाइट्स हा अमोनाइट मिळतो. तो काठीसारखा सरळ! नवख्याला चकवतो, पण रेघांवरून सापडतो.

कांद्यासारखे पापुद्रे सुटणारा गोटा म्हणजे झिजलेला काळा खडकच. पांढरे चमकदार स्फटिक बहुधा झिओलाइटचे.

आपल्या जिल्ह्यात काय मिळेल?

अहिल्यानगरचा काळा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्हाचा आहे. त्यात समुद्रातला प्राणी कुठून येणार? शेतात अमोनाइट निघालाच, तर कुणा यात्रेकरूने आणलेला असण्याचा संभव जास्त. ते पाहायचे तर कच्छ, जैसलमेर किंवा नर्मदा खोऱ्यातले बाघ गाठावे.

आपला ठेवा आहे नदीच्या जुन्या गाळात. शेजारी नाशिक जिल्ह्यात, नांदूर मधमेश्वरला, गोदावरीच्या गाळातून प्राचीन हत्तीची कवटी मिळाली होती. तीच गोदावरी पुढे कोपरगावात येते. वाळूमिश्रित गाळात दगडासारखे जड हाड लागले, तर टिकाव थांबवा.

सापडल्यावर

तारेच्या ब्रशने घासू नका, ॲसिड लावू नका. शेजारी रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढा. गट नंबर, किती फुटांवर मिळाले आणि थर मुरमाचा, गाळाचा की खडकाचा, हे कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवा. जागेची नोंद नसेल तर अभ्यासकाला वस्तूचा निम्मा उपयोग उरत नाही. तलाठी, ग्रामसेवकांना कळवा. ओळख पटवण्यासाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाकडे विचारणा करावी. शेंदूर लावायचाच, तर नोंद झाल्यावर लावा.