जपून ठेवलेलं फंक्शन रिकामं का निघतं?

‘फंक्शन एकदा कंपाइल झालं, सेव्हआरडीएसने फाइलीत ठेवलं, की काम संपलं.’ ‘आर’ भाषेत संख्याशास्त्राचं काम करणाऱ्यांमध्ये हा समज इतका पक्का आहे की तो खोडून काढताना वैताग येतो. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या फंक्शनबाबत तो साफ चूक आहे.

‘आरसीपीपी’ पॅकेजमधलं ‘सीपीपीफंक्शन’ वापरलं की मशीन कोडची एक लायब्ररी तयार होते आणि चालू सेशनच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. वापरणाऱ्याच्या हाती येतं ते नुसतं वेष्टन: एका ओळीचं आर फंक्शन, ज्याच्या पोटात त्या मशीन कोडचा मेमरीतला पत्ता असतो. सेव्हआरडीएस जपतं ते हे वेष्टन. मशीन कोड त्यात जातच नाही आणि सेशन संपताच तात्पुरतं फोल्डरही पुसलं जातं. नव्या सेशनमध्ये फाइल उघडली की फंक्शन दिसतं, छापूनही बघता येतं, पण पत्ता कोरा झालेला असतो. चालवलं की एरर येते: ‘नल व्हॅल्यू पास्ड ॲज सिम्बॉल ॲड्रेस’.

फाइल खराब झाली, असं मग लोक म्हणतात. फाइल धडधाकट असते. हवं ते तिच्यात कधी गेलंच नव्हतं. साठवताना आर एका शब्दानेही सावध करत नाही, ही खरी अडचण.

ज्यांना शंका असेल त्यांनी, ‘सीपीपीफंक्शन’ आतून ज्याला हाक मारतं त्या ‘सोर्ससीपीपी’चं मदतपान उघडावं. तयार लायब्ररीचा कॅशे मुळात तात्पुरत्या फोल्डरमध्ये असल्यामुळे तो चालू सेशनपुरताच टिकतो, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. त्याच्या ‘कॅशेडिर’ या पर्यायात कायमचं फोल्डर दिलं, की कोड बदललेला नसेल तोवर पुढच्या सेशनमध्येही तीच लायब्ररी वापरली जाते. फंक्शन रोजच्या कामाचं असेल तर सरळ छोटं पॅकेज बांधावं. इन्स्टॉल करताना एकदाच कंपाइल होतं. पुढे ‘लायब्ररी’ म्हटलं की हजर.

मग कंपाइल केलेलं काहीच साठवता येत नाही? तसंही नाही. साधं आर फंक्शन कंपाइल करणाऱ्या ‘सीएमपीफन’मधून निघणारा बाइटकोड हा आरचाच ऑब्जेक्ट असतो, तो फाइलीत नीट जातो. मात्र वेगासाठी हा खटाटोप आता सहसा लागत नाही: 2017 च्या आर 3.4.0 पासून फंक्शनं पहिल्या एक-दोन वापरांतच आपोआप बाइटकोडमध्ये जातात.

‘क्लस्टरएक्स्पोर्ट’ने सी प्लस प्लसचं फंक्शन वेगळ्या सुरू केलेल्या वर्कर प्रोसेसना पाठवलं तर चालेल? नाही, तिथेही पत्ता कोराच पोचतो; प्रत्येक वर्करवर पॅकेज लोड करावं लागतं. आणि लिनक्सवर तयार झालेली लायब्ररी विंडोजवर चालत नाही. सहकाऱ्याला द्यायचा तो सोर्स कोड.