तारेचे भाडे आणि वाहिनीचे मोल

केबलचा हप्ता, इंटरनेटचा रिचार्ज आणि ओटीटी सेवांच्या वर्गण्या या तीन बाबी आज शहरांतल्याच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतल्या मराठी कुटुंबाच्याही जमाखर्चात कायमच्या येऊन बसल्या असून, किराण्याच्या यादीतील प्रत्येक जिन्नस पारखून घेणारे घरदेखील या तिन्हींचे पैसे मात्र देयक न वाचताच चुकते करते, ही गोष्ट मला चिंतेची वाटते. या उदासीनतेच्या मुळाशी दोन समजुती आहेत. केबलचे दर वरूनच ठरून येतात, तेव्हा तेथे बोलून उपयोग नाही, ही पहिली. आणि केबल तोडून ओटीटीवर गेले की खर्च आपोआप उतरतो, ही दुसरी. दोन्ही अर्ध्याच खऱ्या आहेत, आणि त्या कोठे चुकतात हे कळण्यासाठी देयकाची घडण समजून घेतली पाहिजे.

१९९१ च्या आखाती युद्धाच्या सुमारास उपग्रह वाहिन्या आपल्याकडे आल्या आणि इमारतींच्या गच्च्यांवरून तारा धावू लागल्या, तेव्हा केबल हा सर्वस्वी स्थानिक आणि विश्वासावर चालणारा व्यवहार होता. १९९५ च्या कायद्याने केबलचालकास नोंदणी सक्तीची केली, तरी ग्राहकाच्या दृष्टीने महिन्याची एक ठोक रक्कम, ती न्यायला दारी येणारा ओळखीचा मुलगा, आणि आठ दिवस वाहिन्या दिसल्या नाहीत तर त्या रकमेतून तोंडी मान्य होणारी सूट, एवढाच काय तो करारनामा असे. पुढे २०१२ मध्ये मुंबईत, २०१३ मध्ये पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांत आणि २०१७ पर्यंत उर्वरित महाराष्ट्रात सेट-टॉप बॉक्स अनिवार्य झाला. प्रत्येक जोडणीची नोंद संगणकाच्या दप्तरात गेली, आणि ती तोंडी सूट देण्याचा केबलवाल्याचा अखत्यार बराचसा संपला. ग्राहकाला मात्र त्याच्या मोबदल्यात आपल्या वाहिन्या स्वतः निवडण्याचा हक्क मिळाला, आणि तो त्याला कोणी नीट समजावून सांगितला नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, फेब्रुवारी २०१९ पासून जी दरपद्धती अमलात आणली तिच्यातून हा हक्क आला. तिने देयकाचे दोन स्वतंत्र भाग पाडले: एक, तारेचे आणि जोडणीचे भाडे, ज्याला देयकावर एनसीएफ असे लिहिलेले असते, आणि दुसरा, ग्राहकाने स्वतः निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांची जाहीर किंमत. भाड्याची कमाल मर्यादा पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये, म्हणजे अठरा टक्के जीएसटीसह १५३ रुपये ४० पैसे ठरली. २०२० मध्ये तेवढ्याच भाड्यात दोनशे वाहिन्या द्याव्यात आणि घरातील दुसऱ्या टीव्हीचे भाडे पहिल्याच्या चाळीस टक्क्यांहून अधिक घेऊ नये, अशी सुधारणा झाली. वाहिनीची किंमत प्रक्षेपक कंपनी ठरवते, परंतु ती प्रसिद्ध करण्याचे बंधन तिच्यावर आहे, आणि जी वाहिनी पॅकमध्ये घालून विकायची असेल तिची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर नेता येत नाही.

जुलै २०२४ मध्ये ट्रायने भाड्यावरील कमाल मर्यादाच काढून घेतली, आणि आजच्या ग्राहकाने सर्वांत लक्षपूर्वक पाहावा असा बदल माझ्या मते हाच होय. प्रदेश, वाहिन्यांची संख्या किंवा ग्राहकवर्ग पाहून वेगवेगळे भाडे आकारण्याची मुभा आता केबल कंपनीला आहे. जो भाव हुकुमाने बांधलेला नाही तो चढू शकतो हे खरे, पण त्याच कारणाने तो बोलणीने उतरूही शकतो. त्याच वेळी केबल कंपनीला पॅकवर पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत सूट देण्याचीही परवानगी मिळाली. तेव्हा दर वरून ठरून येतात असे म्हणून गप्प बसण्याचे कारण उरलेले नाही. मात्र बोलणी कोणाशी करावयाची, याचा विवेक सुटू नये असे मला मनापासून वाटते. ट्रायच्या नमुना करारात भाड्याचे ५५ टक्के मोठ्या केबल कंपनीकडे आणि ४५ टक्के गल्लीतल्या केबलचालकाकडे जातात. पावसाळ्यात खांबावर चढून तार जोडणाऱ्या माणसाचा उदरनिर्वाह मुख्यतः याच ४५ टक्क्यांवर चालतो. म्हणून सूट मागावयाची ती प्रथम पॅकच्या किमतीत, मुदतीच्या आगाऊ भरण्यावर आणि दुसऱ्या टीव्हीच्या भाड्यात मागावी.

त्याहीपूर्वी एक काम घरातच करता येते, आणि त्यास कोणाची मनधरणी लागत नाही. महिनाभर घरात प्रत्यक्ष कोणत्या वाहिन्या पाहिल्या गेल्या याची यादी आजी-आजोबांपासून मुलांपर्यंत सर्वांना विचारून करावी. अशी यादी करणाऱ्या घरांना ती क्वचितच दहाच्या वर जाते असे आढळेल. पॅकमध्ये मात्र एकाच वाहिनीची साधी आणि एचडी अशा दोन्ही आवृत्त्यांचे पैसे जात असतात, आणि ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशा वाहिन्या वर्षानुवर्षे वसुलीत राहतात. अगदी १९ रुपयांच्या सात वाहिन्या सुट्या घेतल्या तरी त्यांचे १३३ रुपये, करासह १५६ रुपये ९४ पैसे होतात. जुन्या कमाल भाड्याशी त्यांची बेरीज केल्यास घरचे देयक ३१० रुपयांच्या आसपास येते, आणि दूरदर्शनच्या वाहिन्या व इतर निःशुल्क वाहिन्या त्यात आल्याच. कधी कधी सूट दिलेला पॅक या सुट्या बेरजेहून स्वस्त पडतो, हेही तितकेच खरे. म्हणून दोन्ही आकडे मागून घ्यावेत.

आता ओटीटीचा पक्ष पाहू. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये दर उतरवले तेव्हा टीव्हीवर पाहण्याची तिची सर्वांत स्वस्त योजना महिना १९९ रुपयांची झाली. जिओहॉटस्टार फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाले तेव्हा टीव्हीवर चालणारी, जाहिरातींसह असलेली योजना तीन महिन्यांना २९९ रुपयांची होती. आणि ॲमेझॉन प्राइमची १,४९९ रुपयांची वार्षिक वर्गणी भरणाऱ्यासही जून २०२५ पासून जाहिराती टाळण्यासाठी वर्षाला ६९९ रुपये वेगळे मोजावे लागू लागले. जाहिरातीवाचूनचा हा अधिक आकार सोडून दिला तरी या तिन्हींची मासिक बेरीज सव्वाचारशेच्या जवळ जाते, आणि इंटरनेटचे देयक त्याखेरीज असते. मराठी प्रेक्षकाची अडचण याहून वेगळी आहे. झी मराठीच्या मालिका झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी यांच्या जिओहॉटस्टारवर, तर सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर, अशी आपल्या संध्याकाळची वाटणी झालेली असल्याने, जे केबलवर एका रिमोटच्या काही बटणांत सामावते त्यासाठी तीन वर्गण्या आणि तीन परवलीचे शब्द सांभाळावे लागतात. घरातील वृद्ध व्यक्तीला संध्याकाळी सात वाजता आपली मालिका स्वतःच्या हाताने लावता येणे, यात तिचे स्वातंत्र्य आहे. महिन्याचे शेदोनशे रुपये वाचविण्यासाठी ते तिच्याकडून काढून घेणे मला न्याय्य वाटत नाही. याउलट ज्या घरात दोघेच तरुण नोकरदार राहतात, मालिका कोणी पाहत नाही आणि केबलचा बॉक्स महिनोन्‌महिने बंद असतो, त्या घराने केबलचे पैसे भरीत राहण्यात कसलाही अर्थ नाही.

इंटरनेटच्या बाबतीत बोलणीला सर्वाधिक जागा आहे, कारण येथे स्पर्धा खरी आहे. २०२० मध्ये जिओने घरगुती फायबरचा दर ३९९ रुपयांवर, करासह ४७० रुपये ८२ पैशांवर आणला, आणि प्रतिस्पर्ध्यांनाही आपापल्या योजना खाली आणाव्या लागल्या. मुदत संपण्याच्या आधीचा आठवडा हा बोलण्याचा काळ: नव्या ग्राहकास जी सवलत जाहीर केली आहे ती जुन्यास का नाही, असे विचारावे, सहा महिने वा वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यास किती जादा दिवस मिळतील ते लिहून घ्यावे, आणि ओटीटीसह येणाऱ्या योजनेचा दर त्याच वेगाच्या साध्या योजनेशी ताडून पाहावा. दोन टीव्ही आणि चार मोबाइल चालवणाऱ्या घराला शंभर एमबीपीएसच्या वर जाण्याची गरज सहसा पडत नाही. परंतु अनेक गृहनिर्माण संस्थांची कार्यकारी मंडळे एकाच कंपनीला इमारतीत तार टाकू देतात, आणि ती मक्तेदारी एकदा मान्य झाली की सभासदाच्या बोलण्याला धार राहत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत दुसऱ्या कंपनीला परवानगी देण्याचा ठराव मांडणे हा दर उतरविण्याचा, एकट्याने फोन करण्याहून कितीतरी परिणामकारक मार्ग आहे.

ज्यांना महिन्याचा हप्ताच परवडत नाही, त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेला छत्री आणि बॉक्सचा खर्च एकदाच येतो, मासिक आकार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने वेव्हज ही स्वतःची ओटीटी सेवाही सुरू केली.

सेवा बंद करावयाची झाल्यास अर्ज लेखी किंवा ॲपवरून द्यावा, बॉक्स किंवा राऊटर परत केल्याची पावती घ्यावी आणि अनामत रकमेची मागणी त्याच वेळी नोंदवावी. गावी महिना-दोन महिने जाणार असाल तर केबल तात्पुरती स्थगित ठेवण्याची सोय नियमांत आहे. ओटीटीच्या बाबतीत बँकेकडून आपोआप होणारी कपात पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२१ पासून अशा कपातीपूर्वी किमान चोवीस तास आधी बँकेने सूचना द्यावयाची असते, आणि त्या मुदतीत ती वर्गणी थांबवता येते. तक्रारीची दखल कंपनीच्या ग्राहक केंद्रात घेतली गेली नाही, तर केबलसाठी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे आणि इंटरनेटसाठी तिच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.