गळते तेल आणि रबराचे कडे

बंगळूरचा जयचामराजेंद्र रस्ता मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. म्हैसूरच्या अखेरच्या महाराजांचे हे भारदस्त नाव लोकांच्या तोंडी ‘जे. सी. रोड’ एवढेच उरले आहे! तेथे मिळणारी एक क्षुल्लक दिसणारी वस्तू म्हणजे ऑइल सील : पोलादी कडे, त्यावर रबराचे आवरण, आतल्या बाजूस पातळ ओठ आणि तो ओठ आवळून धरणारी बारीक स्प्रिंग. इंजिनातील क्रँकचा दांडा जेथून बाहेर येतो, तेथे हे कडे बसविलेले असते. दांडा मिनिटास हजारो फेरे घेत असता तेल आत व धूळ बाहेर राखणे, हे त्याचे काम. पूर्वी हा ओठ चामड्याचा असे. रबर मागाहून आले.

गाडीखाली तेलाचा डाग दिसला, की सील बदलून मोकळे व्हावे असे वाटते. परंतु मागील सीलापर्यंत पोचण्यासाठी बहुधा गिअरबॉक्स उतरवावी लागते, आणि मजुरी वस्तूच्या कित्येक पट होते. एवढे करूनही डाग पुन्हा दिसू लागला, तर?

कुकरच्या शिटीची वाट चोंदली, की वाफ दुसरीकडून वाट शोधते. गृहिणी आधी शिटी साफ करते, नव्या रबरासाठी बाजारात धावत नाही. इंजिनातही पिस्टनच्या कड्यांजवळून थोडा वायू सदैव खाली झिरपतो. त्याला वाट देणारी नळी व झडप काजळीने बुजली, म्हणजे कोंडलेला दाब सीलाच्या ओठावर येतो. अशा वेळी नुसते सील बदलणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

अर्थात सीलही म्हातारे होते. बंगळूरच्या रहदारीत गाडी उभी आणि इंजिन चालू, असे तास न् तास जातात. किलोमीटर थोडे भरतात, पण उष्णता रबराला कडक करीतच असते. साधे नायट्राइल रबर सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत चांगले टिकते, फ्लोरोकार्बनचे २०० अंशांच्या आसपास. म्हणून सील घेताना केवळ माप जुळणे पुरेसे नाही.

बसविताना ओठ तेलाच्या बाजूस असावा व त्याला तेल लावलेले असावे. कोरडा ओठ सुरुवातीच्या फेऱ्यांतच करपतो. दांड्यावरून नख फिरवून पाहावे. खाच लागली, तर नवे सीलही गळेल. तेथे पातळ पोलादी बाही चढवावी लागते. मागील गळतीचे तेल क्लचवर गेल्यास क्लच घसरू लागतो, तेव्हा तिथे दिरंगाई नको.

मिस्त्रीकडून जुने सील अवश्य मागून घ्यावे. त्याचा ओठ अजून मऊ व अखंड असेल, तर नवे ठोकण्यापूर्वी ती नळी उघडावयास सांगावी.