विजेची मोटार धडकेत किती सुरक्षित?

विजेवर चालणारी मोठी गाडी धडकली तर आतल्या माणसांचे व बॅटरीचे काय, असे ग्राहक विचारतात. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रच्या 'एक्सईव्ही ९ई'चे उदाहरण आम्ही घेतो. जानेवारी २०२५ मध्ये 'भारत एनकॅप' चाचणीत तिला पाच तारे मिळाले: प्रौढांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३२, मुलांच्या सुरक्षेत ४९ पैकी ४५ गुण.

या चाचणीत समोरची धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने, तर बाजूची ५० किलोमीटर वेगाने देतात. पाच तारे हवे असतील तर गाडी बाजूने खांबावरही आदळून पाहतात. बॅटरी गाडीच्या तळाशी पसरलेली असल्याने बाजूचा मार महत्त्वाचा ठरतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चाचणीतील पुतळ्यांना पट्टे बांधलेले असतात. मुलांचे पुतळे खास बालआसनात बसवलेले असतात. आपण मूल मांडीवर घेऊन पुढे बसलो, मागच्यांनी पट्टा लावला नाही, तर हे गुण आपल्यासाठी नाहीत. गाडीसाठी लाखो रुपये मोजणाऱ्याने बालआसनाच्या खर्चात काटकसर करू नये, असे आम्हाला वाटते.